निबंधापुरते विभक्त

निरीक्षकांच्या घरात दुःख नाही, ही गोष्ट मुलीच्या प्रवेश-अर्जाची वेळ येईपर्यंत कोणाच्याही लक्षात आली नव्हती.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले. दुकानोदुकानी जायचे, मखमलीच्या खोबणीतून प्रमाणित वजने काढून पारड्यात ठेवायची, काटा जागेवर आला की शिक्का मारायचा, नाही आला की आधी दुकानदाराचे रडगाणे ऐकायचे आणि मग दंड करायचा, हे त्यांचे काम. त्यांची बायको कवळ्या तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. दिवसभर परक्यांचे दात घासूनपुसून गुळगुळीत करायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचे दाखवत हसायची. दोघे भांडायचे ते फक्त झोपायच्या खोलीची खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावरून. भांडण रंगात आले की दोघांपैकी एकाला हसू फुटायचे आणि खिडकी अर्धवट राहायची.

मुलगी एकच. तिची अंगकाठी आणि कशातही शिरून बारकावे काढायची सवय, या दोन्ही कारणांनी घरात तिला बारकी म्हणत. बारकीला गोगलगायींचे वेड होते. मागच्या ओलसर भिंतीवरच्या गोगलगायींच्या पाठीवर तिने आईच्या नखरंगाचे ठिपके दिले होते, आणि कोण रात्रभर भटकून पुन्हा नेमकी आपल्याच फटीत परतते, याचा ती तीन वर्षे पाठपुरावा करत होती. गोगलगायींवर मन लावून काम करणारा विभाग एकाच विद्यापीठात होता. ते दूर होते, मोठ्या नावाचे होते. बारकीचे गुण भरपूर होते. त्यामुळे अर्ज म्हणजे निव्वळ उपचार, असे तिघेही धरून चालले होते. मग पुरवणी निबंध समोर आले.

मुख्य निबंध सगळ्या विद्यापीठांना एकच चालतो. पुरवणी निबंध मात्र प्रत्येक विद्यापीठ स्वतःसाठी वेगळे मागते, जेणेकरून आपल्यावर मुलांचे किती प्रेम आहे ते त्याला मोजता यावे. इथे प्रश्न तीन होते. आमच्याकडेच का? तुमच्यावर आलेल्या मोठ्या संकटाने तुम्हाला कसे घडवले? तुम्ही समाजाला काय दिले? खाली ठळक अक्षरांत सूचना होती: उत्तरे प्रामाणिक असावीत.

बारकीने एका बैठकीत तिन्ही उत्तरे लिहिली. पहिले: ‘तुमच्याकडे गोगलगायींचा अभ्यास होतो. मला तो करायचा आहे.’ दुसरे: ‘माझ्यावर मोठे संकट आलेले नाही.’ तिसरे: ‘अजून काही दिलेले नाही. मी सतरा वर्षांची आहे.’

“झालं?” निरीक्षकांनी विचारले.

“झालं की,” बारकी म्हणाली. “सगळं खरं आहे.”

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितले, असे करू नका, सल्लागार गाठा. निबंध-सल्लागाराचे कार्यालय चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होते. भिंतीवर आदल्या वर्षांच्या यशस्वी विद्यार्थ्यांच्या हसऱ्या तसबिरी होत्या आणि प्रत्येकीखाली एका शब्दात यशाचे कारण दिलेले होते. ‘आग’, ‘पूर’, ‘तोतरेपणा’, ‘आजी’. ‘आजी’ असे लिहिलेल्या तसबिरी पाच होत्या.

सल्लागारांनी बारकीची उत्तरे वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

“हे तर उत्तर झालं,” ते पहिल्या उत्तरावर बोट ठेवून म्हणाले. “निबंध कुठंय?”

“प्रश्न विचारलाय ना, सर?” बारकी म्हणाली.

“प्रश्न विचारलाय म्हणून उत्तर देतात होय? बरं, ते मी बघतो, गोगलगायीत जीवनाचं तत्त्वज्ञान घालता येतं. खरी अडचण दुसऱ्याची आहे.” ते निरीक्षकांकडे वळले. “घरात कोणी गेलंय?”

“कुठे?”

“वर.”

“नाही. चारही आजी-आजोबा ठणठणीत आहेत.”

“चारही?” सल्लागारांचा आवाज कळवळला. “गंभीर आजार? कर्ज? मारहाण? तुम्ही पिता?”

“पाणी.”

“अहो, मग मुलीसाठी केलंत काय तुम्ही सतरा वर्षं?”

इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या तराजूतली खोट काढणाऱ्या माणसाला आपले स्वतःचे पारडे रिकामे असल्याचे प्रथमच कळले. बायकोने पदराआड डोळे टिपले. सल्लागार उत्साहाने पुढे वाकले, पण ते दुःख निबंधासंबंधीच असल्याने विचारात घेण्याजोगे नव्हते.

“आपण आजी घेऊ,” सल्लागार म्हणाले. “कोणतीही एक. यंदा आज्या फार झाल्यात, पण गोगलगाय आणि आजी असं जोडून दिलं तर—”

“आजी जिवंत आहे, सर,” बारकी म्हणाली. “मी खोटं लिहिणार नाही.”

“थोडंसुद्धा?”

“थोडं खोटं म्हणजे काय असतं?”

हा स्वभाव तिने बापाकडून उचलला होता, त्यामुळे बापाला रागावताही येईना. सल्लागारांनी सुस्कारा सोडला. “मग एकच मार्ग. जे लिहायचं, ते आधी घडवावं लागेल.”

सुरुवात सोप्या प्रश्नापासून करावी म्हणून तिसरा हाती घेतला. समाजाला काहीतरी द्यायचे असल्याने निरीक्षक बारकीला वृद्धाश्रमात घेऊन गेले. एकाकी वृद्धांना वाचून दाखवायचे, असे ठरले होते. व्हरांड्यात आरामखुर्चीत एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. बारकीला पाहताच त्यांनी हातातली जाडजूड कादंबरी उशीखाली सरकवली आणि डोळे बारीक केले.

“कोणत्या विद्यापीठासाठी?”

बारकीने सांगितले.

“सोमवार ते शुक्रवार मी भरलेय. डॉक्टरकीवाले सकाळी येतात, वकिलीवाले दुपारी. शनिवारी चारला मोकळी आहे एकाकी राहायला. चालेल?”

“पण तुम्हाला वाचता येतं,” बारकी म्हणाली.

“मी तीस वर्षं भाषा शिकवली, बाळ. तुमच्यातला एक जण मला मागच्या महिन्यात बाराखडी शिकवून गेला. काय करणार? पोराचं भविष्य होतं. मी हळूहळू शिकले. ‘ज्ञ’ला मुद्दाम अडखळले, तर त्याचे डोळे भरून आले. गेला बिचारा मोठ्या कॉलेजात.”

बारकी तिथे शनिवारी जाऊ लागली, पण वाचून दाखवायला नाही. मुख्याध्यापिका तिला वाचून दाखवायच्या. निबंधात तिने लिहिले: ‘समाजाने मला दिले. मी ऐकले.’ सल्लागारांना हे इतके आवडले, की त्यांनी इतर सात जणांना तेच लिहायला सांगितले.

राहिले संकट.

“विभक्त व्हा,” सल्लागार निरीक्षकांना म्हणाले. “कायदेशीर काही नको. निबंधापुरतं. तुम्ही घर सोडून जायचं. ‘माझे वडील घर सोडून गेले’, बघा, वाक्यच असं आहे, की वाचणारा पान उलटत नाही.”

“किती दिवस?”

“तीन महिने तरी. त्याहून कमी असेल तर त्याला दौरा म्हणतात.”

घरी हा विषय निघाला तेव्हा बारकी उठून उभी राहिली. “बाबा, हे मला नकोय. मी लिहिणार नाही असलं काही.”

“तू फक्त खरं लिही,” निरीक्षक म्हणाले. “खरं करायचं काम आमचं.”

“अगं, तीन महिने तर आहेत,” आई म्हणाली. “माणसं नोकरीसाठी वर्षानुवर्षं लांब राहतात. आणि खिडकी मला हवी तशी ठेवता येईल.”

यावर निरीक्षकांना हसू फुटले, बायकोलाही फुटले. त्या रात्री खिडकी अर्धवटच राहिली. दुसऱ्या दिवशी निरीक्षक एक बॅग आणि वजनांची पेटी घेऊन बाहेर पडले.

टायरच्या दुकानावर भाड्याच्या खोल्या होत्या. दुकानदार चाकातली हवा बघत होता. त्याने मान वर न करता विचारले, “निबंधवाले का खरेखुरे?”

“म्हणजे?”

“घरातून निघालेले वडील ना तुम्ही? खरेखुरे असाल तर जागा नाही. रडतात, आणि भाडं थकवतात. निबंधवाले बरे. शिस्तीत येतात, अर्जाची मुदत संपली की जातात.”

वरच्या मजल्यावर अकरा वडील होते. त्यांत एक दंतवैद्य होते, एक बँकेतले होते, आणि सगळ्यांत मानाचे होते ते ‘दुबार’. ते थोरल्याच्या वेळी तीन महिने राहून गेले होते आणि आता धाकटीसाठी आले होते. कुकर कोणाचा आणि न्हाणीघराची पाळी कोणाची, ते दुबार ठरवत.

“पहिला आठवडा जड जातो,” ते निरीक्षकांना गादी दाखवत म्हणाले. “मग सवय होते. ती सवय होऊ द्यायची नाही, एवढं सांभाळा.”

“का?”

“आमची झाली,” एवढेच म्हणून दुबार न्हाणीघराच्या पाळीकडे वळले.

निरीक्षक रोज संध्याकाळी घरी फोन करायचे. आज अमक्याच्या तराजूखाली चुंबक सापडला, आज तू काय जेवलीस, वगैरे. दोन आठवड्यांनी फोन बारकीने घेतला.

“बाबा, सरांनी मसुदा पाठवलाय. त्यात ‘संपर्क तुटला’ असं आहे. तुम्ही तर रोज फोन करता. मी कसं लिहू?”

“खोड ते.”

“खोडलं तर सर म्हणतात, मग संकट उरत नाही. रोज फोन करणारा बाप म्हणजे सोय आहे.”

खाली दुकानात कोणीतरी टायर आपटून बघत होते. “बरं,” निरीक्षक शेवटी म्हणाले. “मग नाही करत.”

“बाबा, मी असं म्हटलं नाही—”

पण फोन बंद झाला होता. पोरीचे वाक्य खरे ठरावे म्हणून बापाने ते ताबडतोब अमलात आणले होते.

त्यानंतर निरीक्षकांच्या आयुष्याला एक विचित्र शांतता आली. सकाळी तराजू, दुपारी तराजू, संध्याकाळी वडिलांमध्ये पत्ते. फोनची वेळ झाली की पहिल्यांदा हात खिशाकडे जायचा, मग नुसता थबकायचा, मग तेही थांबले. खिडकी उघडी ठेवायची का बंद, यावर बोलायला कोणी नव्हते, म्हणून ती एकदा बंद केली ती बंदच राहिली. एकदा कवळ्यांच्या प्रयोगशाळेवरून जाताना बायको बाहेर येताना दिसली. तिने केस कापले होते. हाक मारावी असे वाटले, पण संपर्क तुटलेला होता. निरीक्षक एका दुकानात शिरले आणि ज्यावर गेल्याच महिन्यात शिक्का मारला होता, तो तराजू पुन्हा तपासू लागले. दुकानदार घाबरून रडू लागला. या वेळी निरीक्षकांनी त्याचे सगळे ऐकून घेतले.

तिसरा महिना संपत आला, मसुदा तयार झाला, आणि नेमके तेव्हा विद्यापीठाचे परिपत्रक आले. त्यात म्हटले होते की, यंदा प्राप्त अर्जांपैकी बहुसंख्य अर्जदारांचे वडील घर सोडून गेलेले आढळले आहेत. सबब, वडिलांच्या जाण्यासंबंधीचे निबंध यापुढे संकट या सदरात ग्राह्य धरले जाणार नाहीत. ते ‘सामान्य कौटुंबिक परिस्थिती’ या सदरात मोडतील. मुदत तीन आठवड्यांनी वाढवण्यात येत आहे.

टायरच्या दुकानावर हाहाकार उडाला. दंतवैद्य तर जिन्यातच बसले. निरीक्षकांना सल्लागारांचा फोन आला. त्यांचा आवाज आनंदाने थरथरत होता.

“घरी जा! आत्ताच्या आत्ता!”

“का?”

“अहो, सुखी कुटुंब! आता ते कोणाकडेच उरलेलं नाही. ‘सगळी घरं मोडत असताना आमचं मोडलं नाही’, काय विषय आहे! दुर्मीळ! आणि तुमचं तर मुळातलं आहे. तुम्ही सांगितलंच होतं बघा, पहिल्या दिवशी. चारही आजी-आजोबा जिवंत! मला तेव्हाच कळायला हवं होतं.”

निरीक्षक त्याच संध्याकाळी घरी पोहोचले. दार बायकोने उघडले.

“या,” ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून त्यांच्याच घराच्या दारात त्यांना कोणी ‘या’ म्हटले नव्हते. निरीक्षकांनी चपला काढल्या. चपलांची जागा बदलली होती. त्यांची खुर्ची गॅलरीत गेली होती आणि तिच्यावर कुंड्या होत्या.

“चहा घेणार?”

“चालेल. तुम्हाला… तुला त्रास नसेल तर.”

“त्रास कसला.”

दोघांनी चहा घेतला. कप दोघांनी आपापले विसळले. झोपताना निरीक्षकांनी विचारले, “खिडकी?”

“तुम्हाला हवी तशी ठेवा,” बायको म्हणाली.

“नको, तुझी सवय असेल तशी राहू दे.”

“नाही, खरंच, तुम्ही म्हणाल तशी.”

दारात बारकी उभी होती. तिच्या नजरेतून हे निसटणे शक्य नव्हते. खिडकीवरून भांडण झाले नाही. खिडकी काय झाली, याकडे कोणी बघितलेही नाही.

दोन दिवसांनी सल्लागार सुखाची पाहणी करायला स्वतः आले. सोफ्यावर बसून त्यांनी तिघांना निरखले. “छान,” ते म्हणाले. “जरा जवळ बसा. तुम्ही काहीतरी गमतीचं बोला, वहिनी हसतील. मी टिपून घेतो.”

निरीक्षक विचार करू लागले. त्यांना चुंबकवाला दुकानदार आठवला. त्यांनी ती हकिगत नीट, सुरुवातीपासून, सांगितली. बायकोने ती लक्षपूर्वक ऐकली आणि शेवटी म्हणाली, “छान आहे.”

“सर,” बारकी म्हणाली, “मी हे लिहू शकत नाही.”

“काय?”

“सुखी कुटुंब. मी खोटं लिहिणार नाही म्हटलं होतं.”

“अगं, पण तुम्ही सुखी आहात!”

“होतो.”

सल्लागारांनी आशेने आईकडे पाहिले. आई टेबलावरचे कप गोळा करत होती, जे तिने आधीच एकदा गोळा केले होते. मग त्यांनी निरीक्षकांकडे पाहिले. निरीक्षक दारातून झोपायच्या खोलीच्या बंद खिडकीकडे बघत होते. ती कोणी बंद केली, ते त्यांना आठवत नव्हते.

बारकी आत गेली. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि संकटाच्या प्रश्नाचे उत्तर तिने उभ्याउभ्याच वाचून दाखवले: ‘माझ्यावर मोठे संकट आलेले नव्हते. या अर्जासाठी ते आणावे लागले. अर्ज भरून झाला आहे. ते जात नाही.’

आईने ट्रे खाली ठेवला. निरीक्षकांनी मान खाली घातली. सल्लागारांच्या डोळ्यांत पाणी आले. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी बारकीचे दोन्ही हात हातात घेतले.

“हेच!” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून मी हेच मागत होतो, बेटा! बघ, असतं आपल्याकडे, फक्त शोधावं लागतं.”

निबंध गेला. पुढच्या वर्षीसाठी सल्लागारांनी भिंतीवर एका तसबिरीची जागा मोकळी करून ठेवली आणि तिच्याखालचा शब्द आधीच लावून टाकला: ‘निबंध’. नव्या पालकांना ते सांगू लागले, की हा प्रकार एकदम नवीन आहे, थोडा खर्चिक आहे, आणि यासाठी घर आधी खरोखर सुखी असणे आवश्यक आहे. पालक विचारू लागले, किती सुखी?

निरीक्षक हल्ली ही हकिगत कोणालाही सांगतात. पारड्यात वजन ठेवून काटा थांबायची वाट बघताना त्यांना सांगावेसे वाटते. दुकानदार मान हलवतात, च्च्‌ च्च्‌ करतात, गिऱ्हाईक थांबवून ऐकतात. परिपत्रकाला हसतात, मुख्याध्यापिकांना दाद देतात, खिडकीपाशी गंभीर होतात. आणि हकिगत संपली, की न चुकता पुढे वाकून विचारतात, “मग? मिळाला का प्रवेश?”

“मी आता कुठं राहतो, ते नाही विचारलंत,” निरीक्षक म्हणतात.

“ते विचारणारच होतो हो! वाईटच झालं. पण मिळाला का?”

निरीक्षक वजने पेटीत ठेवतात, झाकण लावतात आणि पुढच्या दुकानाकडे निघतात.

निकाल केव्हाच लागला आहे. तो इथे मुद्दामच दिलेला नाही. हे वाचताना ज्यांनी तो शोधण्यासाठी शेवटच्या ओळींवर आधी नजर टाकली, त्यांनी आपली मुले यंदा कितवीत आहेत, एवढे कृपया कळवावे.